देवघरातला गडू

आमच्या माधवनगरच्या घरात, देवघराच्या कोनाड्यात, तांब्याचा एक गडू असे. पणजोबांनी काशीहून आणलेला, डाख देऊन तोंड बंद केलेला. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपले की आजी त्याला हळदकुंकू वाही आणि म्हणे, "आपलं पाणी चार दिवसांत वास मारतं, गंगेला काही होत नाही." मग ती जरा गप्प होई. तिचा थोरला मुलगा, म्हणजे मी न पाहिलेले काका, पाचव्या वर्षी पटकीने गेले होते. त्या रात्री तिने असाच दुसरा गडू फोडून पळीपळीने पाणी त्यांच्या तोंडात घातले होते. "गंगा घरात होती, मग लेकरू का गेलं?" हा प्रश्न तिने देवाला विचारला, आजोबांना विचारला, आणि म्हातारपणी मलाही विचारला. मी तेव्हा शाळकरी पोर. उत्तर द्यायला मला फार उशीर झाला.

आजीची समजूत अगदीच निराधार होती असे नाही. आग्र्याला अर्नेस्ट हँकिन नावाचा इंग्रज जंतुशास्त्रज्ञ सरकारी नोकरीत होता. १८९६ साली त्याने पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात लिहिले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात. तेच पाणी उकळून घेतले तर मात्र जगतात. त्याचे कारण हँकिनला उलगडले नाही. ते काम विषाणूंचे असावे असे पुढे अनेकांनी म्हटले. तो वाद अजून पुरता मिटलेला नाही.

पण असे विषाणू आहेत हे लवकरच ठरले. १९१५ साली लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्टने आणि १९१७ साली पॅरिसच्या फेलिक्स देरेलने ते दाखवले. देरेलने त्यांना नाव दिले बॅक्टेरिओफेज, म्हणजे जंतुभक्षक. हे गृहस्थ पुढे हिंदुस्थानातही आले. प्लेगवरच्या कामासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेत, आणि १९२७ मध्ये पटकीसाठी पंजाबात. तिथे त्यांनी रोग्यांना जंतुभक्षक पाजले, इतकेच नव्हे, खेड्यांतल्या विहिरींतही ओतले!

आता या भक्षकाचे पोट कसे भरते ते पाहा. आमच्या गावात मागांची खडखड ऐकतच आम्ही वाढलो, म्हणून मला ते कांडी-धोट्याच्या भाषेत सुचते. जंतूच्या शरीरात शिरलेला विषाणू त्या जंतूचाच कारखाना करतो. एकीकडे डीएनएचे लांबच लांब सूत निघते, दुसरीकडे प्रथिनांची रिकामी डोकी तयार होतात. कांडी आधी, सूत मागाहून, हाच इथलाही क्रम. फरक एवढाच, की सूत बाहेरून गुंडाळायचे नसते, आत कोंबायचे असते. डोक्याच्या भोकाशी प्रथिनांचे एक यंत्र बसते आणि पेशीतले इंधन जाळीत सूत आत ओढते. टी-४ नावाच्या विषाणूचे डोके नारळाएवढे, म्हणजे दहा सेंटिमीटर, कल्पिले, तर त्यात सुतळीएवढ्या जाडीचा सुमारे ४७ मीटर दोरा बसवायचा! शिवाय हे सूत ताठ, आणि त्याचे पदर विद्युत्भारामुळे एकमेकांना दूर लोटणारे. डोके भरले की यंत्र सूत तोडते आणि पुढच्या रिकाम्या डोक्याला लागते. कांडी भरणाऱ्या बाया याहून निराळे काय करीत?

२००१ साली अमेरिकेत कार्लोस बुस्तामांते यांच्या प्रयोगशाळेत फाय-२९ या विषाणूच्या एकेका यंत्राची ओढ मोजली गेली. शेवटी शेवटी डोक्यातला दाब सुमारे ६० वातावरणांइतका होत असावा, असा त्यांनी हिशेब मांडला. मालट्रकच्या चाकातल्या हवेच्या सातआठपट!

हा कोंडलेला जोरच पुढे उपयोगी पडतो. टी-४ आपल्या शेपटीचे तंतू जंतूच्या अंगाला टेकवतो; शेपटीचे वेष्टन आखडते, आतली नळी जंतूच्या आवरणात घुसते आणि सूत आत सुटते. टरफल बाहेरच राहते. १९५२ साली हर्शी आणि मार्था चेस यांनी हे ताडून पाहिले, तेही स्वयंपाकघरातल्या मिक्सरसारख्या यंत्राने! जंतूंना चिकटलेली टरफले त्यांनी घुसळून काढली, तेव्हा बहुतेक डीएनए जंतूंच्या आत आढळले. वंशाचा निरोप प्रथिने नेत नाहीत, ते सूत नेते, याला मोठे बळ मिळाले. अर्ध्या तासाच्या आतबाहेर जंतूची भिंत फुटते आणि शंभराहून अधिक भरलेले धोटे बाहेर पडतात.

आता आजीच्या प्रश्नाकडे. भक्षक कितीही जोरदार असला तरी त्याची शिकार ठरलेली. एका जातीचा भक्षक सहसा दुसऱ्या जातीच्या जंतूला शिवत नाही. शिकार संपली की त्याची वाढही थांबते. बंद गडूत वर्षानुवर्षे पडलेल्या पाण्यात असे कितीसे भक्षक उरणार? ते पाणी न बिघडण्यात तांब्याचा आणि त्या डाखाचाही वाटा असणार. आणि पटकीचा रोगी मरतो तो अंगातले पाणी नि क्षार ओसरून गेल्यामुळे. त्यावर साखरमिठाचे पाणी घोटघोट पाजीत राहावे, हे १९७१ साली डॉ. दिलीप महालनोबिस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत हजारोंना वाचवून दाखवले. आजीच्या घरात साखर होती, मीठ होते, उकळायला चूल होती. माहीत मात्र कोणालाच नव्हते.

गडू अजून आमच्याकडे आहे. तो फोडून आतले पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे असे कधी मनात येते. पण अजून हात झालेला नाही. नरकचतुर्दशीला सूनबाई त्याला हळदकुंकू वाहते. मी बाजूला उभा राहून आजीला मनातल्या मनात सांगतो, की तुझ्या भक्तीत काही उणे नव्हते गं, आणि तुझ्या हातूनही चूक झाली नव्हती.