निवाडा आणि उजेड : योहानाच्या शुभवर्तमानांतील एका विरोधाचा विचार

परधर्माच्या ग्रंथांतील परस्परविरुद्ध वचनें समोरासमोर मांडून त्याचें प्रामाण्य खोडणें, ही वादपद्धति आपल्याकडे जुनी आहे. ख्रिस्ती ग्रंथांतील न्याय व प्रकाश यांविषयींच्या अशा वचनांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. हा विरोध बराचसा शब्दामुळें भासतो, व तो उलगडण्याचें साधन आपल्याच जुन्या दप्तरांत आहे, असें आमचें म्हणणें आहे.

(१) विरोधाचें स्वरूप. योहानाच्या तिसऱ्या अध्यायांत (३.१७) व बाराव्यांत (१२.४७) असा आशय आहे कीं, ख्रिस्ताचें आगमन जगाच्या तारणासाठीं झालें, न्याय करण्यासाठीं नव्हे. उलट नवव्यांत (९.३९) तोच ख्रिस्त आपण न्यायासाठीं आलों असें सांगतो, आणि पांचव्यांत (५.२२) न्यायाचा सर्व अधिकार पित्यानें पुत्राकडे सोंपविल्याचें म्हटलें आहे. प्रकाशाचेंही तसेंच. योहानाच्या पहिल्या पत्रांत (१.५) देव प्रकाशरूप असून त्याच्या ठायीं अंधाराचा लेश नाहीं, परंतु शलमोनाच्या मंदिराच्या प्रतिष्ठाप्रसंगीं (१ राजे ८.१२) देवाचा वास निबिड अंधारांत सांगितला आहे.

(२) पूर्वेतिहास. आमच्या आंबोली घाटाखालीं सावंतवाडीचें जुनें संस्थान, त्यापलीकडे दक्षिणेस गोमंतक व घाटमाथ्यावरून पूर्वेस बेळगांव. या टापूस ख्रिस्ती ग्रंथांची चर्चा नवी नाहीं. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं साष्टींतील राचोल येथें छापलें गेलें. त्यांत श्रोते मध्येंच शंका काढतात व त्यांचें समाधान केलें जातें. पुढें १८३९ सालीं जॉन म्यूर यांनीं ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती मताच्या समर्थनाचा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां त्यास तीन पंडितांनीं संस्कृतांतच उत्तरें दिलीं. त्यांपैकीं सोमनाथ म्हणजे सीहोरचे महाराष्ट्रीय ज्योतिषी सुबाजी बापू असें मानतात. दुसरे बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन. आणि तिसरे काशीचे चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे. गोऱ्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ १८४४ चा असून तो सदाशिव लक्ष्मण कात्रे यांनीं १९५१ सालीं उज्जयिनीहून संपादून प्रसिद्ध केला. त्यांतील आक्षेपाचें मर्म न्यायाविषयींच आहे : पूर्वजन्म न मानल्यास जन्मतःच दिसणाऱ्या सुखदुःखाच्या भेदामुळें ईश्वरावर वैषम्य व नैर्घृण्य हे दोष येतात, आणि अल्पकाळच्या पापास अनंत नरक हा न्याय नव्हे. हेच गोरे १८४८ सालीं ख्रिस्ती झाले. तेव्हां न्याय या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न त्या काळीं केवळ पांडित्याचा नव्हता. त्यावर माणसांचीं घरेंदारें व जन्मभराचे संबंध अवलंबून होते.

(३) शब्दविचार. मूळ ग्रीक भाषेंत ‘क्रिनो’ हा धातु आहे. त्याचा आद्य अर्थ निराळें करणें, निवडणें. त्यावरून निर्णय देणें. आणि त्यावरून दोषी ठरविणें. ३.१७ मध्यें हा धातु ‘तारणें’ या क्रियेच्या विरुद्ध योजिला असल्यानें तेथें दोषी ठरविणें हाच अर्थ घ्यावा लागतो. ९.३९ मध्यें त्याच धातूपासून झालेलें ‘क्रिमा’ हें नाम असून लगेच परिणाम सांगितला आहे : न पाहणारे पाहूं लागतात आणि पाहतों म्हणणारे आंधळे ठरतात. येथें प्राधान्य आहे तें दोन वर्ग निराळे पडण्याला. मराठींतील ‘न्याय’ हा शब्द दोन्हीं अर्थ पोटांत घालून त्यांतील भेद झांकतो.

आपल्या जुन्या कागदांतील ‘निवाडा’ हा शब्द मात्र तो भेद राखतो. सुपांतल्या तांदुळांतून खडे निवडावे तसें खरें-खोटें निवडणें, तो निवाडा. मराठेशाहींत पंचांनीं वा गोतानें कागद व साक्षी पाहून निवाडा करावा, त्याचें निवाडपत्र व्हावें, आणि जिंकणाराकडून हरकी व हरणाराकडून गुन्हेगारी सरकारांत घ्यावी, हा क्रम महजर चाळणाऱ्या वाचकांस परिचित आहे. निवाडा हें एक कृत्य व दंड हें दुसरें. पहिल्यासाठीं आलेला मनुष्य दुसऱ्यासाठीं आला नव्हता, असें म्हणण्यांत विरोध नाहीं.

(४) प्रकाशाचा संबंध. मीमांसकांच्या रीतीप्रमाणें उपक्रम व उपसंहार पाहून तात्पर्य ठरवावें. ३.१७ नंतर दोनच वचनांनीं (३.१९) न्याय म्हणजे काय तें सांगितलें आहे : प्रकाश आला असतां कांहींनीं अंधार पसंत केला, हाच तो न्याय. नवव्या अध्यायाचा आरंभही जन्मांधास दृष्टि मिळण्यानें होतो. सूर्य घुबडास आंधळें करण्यासाठीं उगवत नाहीं. तथापि तो उगवल्यावर घुबड कोण व हंस कोण तें कळून येतें. प्रयोजन एक, फल दुसरें. देवाच्या प्रकाश-अंधाराविषयींही असेंच म्हणतां येईल. तीमथ्याच्या पहिल्या पत्रांत (६.१६) देव अगम्य प्रकाशांत राहतो असें आहे, मंदिरांतील अंधारही तें घर भरून टाकणाऱ्या मेघाचा आहे. ज्या प्रकाशाकडे दृष्टि लावतां येत नाहीं तो पाहणाऱ्यास अंधारासारखाच. दोन्हीं ठिकाणीं सांगावयाची आहे ती अगम्यता.

(५) मर्यादा. परंतु एवढ्यानें सर्व वाद मिटला असें समजूं नये. १२.४८ मध्यें शेवटच्या दिवसाचा न्याय स्पष्ट आहे, व ५.२९ मध्यें त्या दिवशीं उठणाऱ्यांच्या दोन गति सांगितल्या आहेत. तेथें निवाड्यामागून दंड येतोच. त्यामुळें नीळकंठशास्त्र्यांचा १८४४ चा आक्षेप शब्दार्थानें सुटत नाहीं. तो ईश्वराच्या कर्तृत्वासंबंधींचा आहे आणि त्याचें उत्तर तत्त्वविचारांतच शोधावें लागेल. व्याकरणानें विरोधाभास जातो, खरा विरोध जात नाहीं. हे दोन निराळे ओळखणें हेंच संशोधकाचें काम.

यासाठीं संग्राहकांस एक विनंती आहे. ख्रिस्तपुराणाची १९०७ सालीं मंगळूर येथें सालदान्हा यांनीं काढलेली रोमन लिपींतील आवृत्ति आणि लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथी यांच्या शब्दयोजनेंत बराच फरक आहे. देवनागरी पोथींत संस्कृत शब्दांचा भरणा अधिक. अंतिम न्यायाविषयींचे दोन्हींतील शब्द ताडून पाहावेत. तसेंच एकोणिसाव्या शतकांतील मराठी शुभवर्तमानांच्या ज्या जुन्या प्रती रद्दीच्या वाटेवर असतील त्या राखाव्यात. त्यांत न्याय, निवाडा व दंड हे शब्द कोठें योजिले आहेत याची नोंद झाल्यास, वाद घालणाऱ्या दोन्हीं पक्षांनीं परस्परांस कितपत ओळखलें होतें, याचाही निवाडा करतां येईल.