गिरणीचे तळे आणि यंत्राचा ताप

परळ-लालबागच्या गिरण्यांचा इतिहास सांगताना धुराड्यांचे व भोंग्यांचे वर्णन अगत्याने होते. परंतु गिरण्यांच्या आवारातील तळ्यांची दखल क्वचितच घेतली जाते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या ताडदेवच्या गिरणीपासून मुंबईच्या गिरण्यांत वाफेच्या यंत्रांचा जो अंमल सुरू झाला, त्याला कोळशाइतकीच शीतल जलाची निकड होती. कारण काम करून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी केल्यास निर्वात पोकळी निर्माण होई आणि त्याच इंधनात यंत्राला अधिक शक्ती लाभे. तापलेले पाणी तळ्यात पसरे, बाष्पीभवनाने निवे आणि पुन्हा यंत्राकडे जाई. १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत आली, वाफेची यंत्रे क्रमशः मोडीत निघाली आणि तळ्यांचे मूळ प्रयोजन सरले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात मात्र असे तळे टिकून राहिले.

यंत्राचा ताप पाण्याने उतरवण्याची ही रीत आजही दिसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकासाठी जी जलशीतनाची सामग्री मिळते, तिच्यातही प्रोसेसरची उष्णता पाणीच उचलते व रेडिएटरमध्ये वाऱ्याच्या स्वाधीन करते. मात्र ते पाणी बंदिस्त असल्याने, तळ्याप्रमाणे बाष्पीभवनाचे साहाय्य त्याला नाही. खोलीतील हवेपेक्षा ते अधिक थंड होऊ शकत नाही. म्हणूनच मुंबईच्या वैशाखात हे पाणी खेळवणारा नवा पंप घेण्यापूर्वी खोलीतील तप्त हवेला बाहेरची वाट करून देणे, हाच प्रोसेसरचा ताप उतरवण्याचा पहिला उपाय होय.