कहुटा आणि ट्रॉम्बे

फटाक्यांच्या दिवसांत बाँबची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. या गोष्टीतला बाँब पडलाच नाही. म्हणूनच ती सांगण्याजोगी आहे.

७ जून १९८१ रोजी इस्रायलच्या विमानांनी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी पाडली. भट्टीत इंधन अजून पडायचे होते. शत्रूच्या हाती अस्त्र येण्याआधीच त्याचा कारखाना मोडावा, ही युक्ती त्या दिवसापासून साऱ्या जगात बोलली जाऊ लागली. आपल्याकडे त्या युक्तीला गावही ठरलेले होते. रावळपिंडीजवळच्या कहुट्याला पाकिस्तान युरेनियम समृद्ध करीत होता, आणि त्या कामाचे सूत्रधार होते भोपाळात जन्मलेले अब्दुल कादीर खान. आपणही १९७४ साली पोखरणला स्फोट केला होता, हे विसरून ही हकिगत सांगणे बरे नव्हे.

घाव घालावा की घालू नये? साधनांची वाण नव्हती. १९७९ पासून जग्वार विमाने आपल्या हवाई दलात येऊ लागली होती. १९८४ च्या सप्टेंबरात तर भारत कहुट्यावर चालून जाईल, ही कुजबुज अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत छापून आली. इंदिरा गांधींनी हुकूम दिला नाही. ३१ ऑक्टोबरला त्यांची हत्या झाली.

हात का थांबला? मोठे युद्ध पेटेल, अमेरिका बिथरेल, ही कारणे पुस्तकांत सापडतात आणि ती खोटी नाहीत. मला मात्र सर्वांत वजनदार कारण आपल्याच मुलखात दिसते. आमच्या नरडाण्याचा माणूस सुरतेवरून मुंबईला निघाला की वाटेत बोईसर लागते. तेथून समुद्राच्या बाजूला तारापूरचे वीजकेंद्र, १९६९ पासूनचे. पुढे खुद्द मुंबईत, ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्र. तेथली सायरस भट्टी १९६० साली पेटली होती.

आता फरक पाहा. कहुट्यात होती गरगर फिरणारी नळकांडी आणि त्यांतला युरेनियमचा वायू. ती फुटली तर आसपास विषारी वायू पसरला असता. चालत्या अणुभट्टीच्या पोटात मात्र फुटलेल्या अणूंची किरणोत्सर्गी राख साठलेली असते, आणि येथे शेजारी चेंबूर, मानखुर्द, पलीकडे सारी मुंबई! शेजाऱ्याची ओली पेंढी पेटवायला निघालेल्या शेतकऱ्याची वाळलेल्या कडब्याची गंजी बांधालगतच उभी असावी, तसा हा प्रकार. पाकिस्तानच्या अणुशक्ती आयोगाच्या अध्यक्षांनी हीच गोष्ट व्हिएन्नात आपल्या राजा रामण्णांच्या कानावर घातली, असे पुढे काही लेखकांनी नोंदवले आहे. तिकडून कोणी सांगण्याची गरज होती असे नाही. नकाशा पुरेसा होता.

या अडचणीतूनच एक करार निघाला. डिसेंबर १९८५ मध्ये राजीव गांधी आणि झिया यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचे तोंडी ठरवले. ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादेत त्यावर सह्या झाल्या, आणि २७ जानेवारी १९९१ पासून तो अमलात आला. दरसाल १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी, अक्षांश-रेखांशांसह, एकमेकांच्या स्वाधीन करतात. कारगिलच्या वर्षानंतरही यात खंड पडला नाही. १ जानेवारी २०२५ ला या याद्या चौतिसाव्यांदा दिल्या-घेतल्या गेल्या.