टेंटेड लव्ह : रेकॉर्डच्या मागच्या बाजूला पडलेलं गाणं

आज एका आवाजापासून सुरुवात करू. टिंक-टिंक. मशीनमधून आलेले दोन कोरडे ठोके, मग थोडी शांतता, पुन्हा टिंक-टिंक. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे ऐकूनच गाणं आठवलं असेल. 'टेंटेड लव्ह', सॉफ्ट सेल, १९८१. ज्यांना नाही आठवलं त्यांनी रिहानाचं 'एसओएस' आठवा. त्याच्या खाली वाजणारी सुरावट याच गाण्यातून उचललेली आहे.

पण हे गाणं सॉफ्ट सेलचं नाही. ते त्याच्या आधी सोळा वर्षं एका मुलीने गायलं होतं, आणि तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

तिचं नाव ग्लोरिया जोन्स. चर्चमध्ये गॉस्पेल गात मोठी झालेली, विशीच्या आसपासची कृष्णवर्णीय गायिका. लॉस एंजेलिसमध्ये एड कॉब नावाच्या गीतकार-निर्मात्याने तिला हेरलं आणि हे गाणं तिच्याकडून गाऊन घेतलं. जेमतेम सव्वादोन मिनिटांचं. ब्रास सेक्शन नुसता धावत सुटलाय, ड्रमर कुणाची तरी ट्रेन चुकत असल्यासारखा वाजवतोय, आणि वर ग्लोरियाचा आवाज. नातं विषारी झालंय, मी निघाले, एवढाच मजकूर. पण ती रडत नाही. दार आपटून निघून जाणाऱ्या माणसासारखी गाते.

१९६५ मध्ये रेकॉर्ड आली. तेव्हाच्या छोट्या रेकॉर्डला दोन बाजू असायच्या. कंपनीला जे गाणं चालेल असं वाटायचं ते ए-साइडला, आणि उरलेली जागा भरायची म्हणून एक बी-साइडला. 'टेंटेड लव्ह' बी-साइडला होतं. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. ए-साइडही पडली.

आता आपण अटलांटिक ओलांडून उत्तर इंग्लंडला जाऊ. गिरण्या, कारखाने, कोळशाच्या खाणी. आठवडाभर राबणारी पोरं शनिवारी रात्री हॉलमध्ये जमायची आणि सकाळपर्यंत नाचायची. फिरक्या घ्यायच्या, उड्या मारायच्या, पाय सहज घसरावेत म्हणून लाकडी फरशीवर टाल्कम पावडर टाकायची. त्यांना हवं होतं साठच्या दशकातलं वेगवान अमेरिकन सोल. आणि गंमत म्हणजे, हिट झालेलं नको! जितकं अपयशी, जितकं दुर्मीळ, तितका त्याला भाव. डीजे लोक रेकॉर्डच्या लेबलवर कागद चिकटवायचे, म्हणजे शेजारच्या डीजेला गायकाचं नाव कळू नये. या सगळ्याला नाव पडलं 'नॉर्दर्न सोल'.

१९७३ मध्ये रिचर्ड सर्लिंग हा डीजे अमेरिकेत जुन्या रेकॉर्ड्स शोधत फिरत होता. त्याच्या हाती ग्लोरियाची ती पडलेली रेकॉर्ड लागली. इंग्लंडमध्ये त्याने ती लावली आणि नाचणाऱ्यांनी ती उचलून धरली. ज्या गाण्याला अमेरिकेत गिऱ्हाईक नव्हतं, त्यावर लँकेशरमधले कामगार पहाटेपर्यंत घाम गाळत होते.

ग्लोरिया तोवर इंग्लंडमध्येच आली होती. टी. रेक्स बँडचा मार्क बोलान तिचा जोडीदार होता, त्यांना मुलगाही झाला होता. १९७६ मध्ये बोलानच्या निर्मितीत तिने हे गाणं नव्याने गायलं. तेही चाललं नाही. पुढच्या वर्षी, १६ सप्टेंबर १९७७ ला, लंडनमध्ये त्यांची गाडी आदळली. बोलान जागीच गेला. गाडी ग्लोरिया चालवत होती. तीही गंभीर जखमी झाली.

आणि चारच वर्षांत तेच गाणं जगभर वाजायला लागलं, दुसऱ्याच्या आवाजात.

सॉफ्ट सेल म्हणजे मार्क आमंड आणि डेव्ह बॉल, लीड्सच्या आर्ट विभागात भेटलेली दोन पोरं. बॉल ब्लॅकपूलमध्ये वाढलेला, त्यामुळे नॉर्दर्न सोल त्याच्या कानात मुरलेलं. त्यांनी ब्रास काढून टाकला, वेग कमी केला, सिंथेसायझर ठेवला आणि ते टिंक-टिंक. ग्लोरिया निघून जाते. आमंड निघतो म्हणतो आणि दारातच घुटमळतो. मला विचाराल तर ही कव्हर मोठी ठरते ती यामुळे. ब्रिटनमध्ये पहिला नंबर, अमेरिकेच्या हॉट १०० मध्ये तब्बल ४३ आठवडे. तेव्हाचा तो विक्रमच.

पैशांचं मात्र ऐका. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी सुप्रीम्सचं 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' टाकलं. म्हणजे दोन्ही बाजूंना दुसऱ्यांची गाणी! गीतकाराची रॉयल्टी लिहिणाऱ्याला जाते, गाणाऱ्याला नाही. स्वतःचं एखादं गाणं मागे टाकलं असतं तरी त्यावर आयुष्यभर पैसे येत राहिले असते. आमंडने पुढे ही चूक मोकळेपणाने कबूल केली. आणि ग्लोरिया? गाणं तिने लिहिलं नव्हतं. त्यामुळे नव्या कव्हरच्या गीतकार-रॉयल्टीत तिचा वाटा शून्य.

१९८५ ची कॉइल या बँडची आवृत्ती फार कमी लोकांनी ऐकलीये. एड्सने माणसं मरत होती, आणि समलिंगी पुरुषांकडे लोक रोगाचा डाग असल्यासारखे बघत होते. कॉइलने गाणं इतकं संथ केलं की ते प्रेतयात्रेच्या चालीवर आलं. शब्द तेच. पण 'डागाळलेलं प्रेम' हे शीर्षक आता ब्रेकअपबद्दल राहिलं नाही. त्या प्रेमासाठी माणूस मरू शकत होता, आणि त्यावरून त्याला हिणवलंही जात होतं. कमाई त्यांनी टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट या एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिली. रात्री एकट्याने ऐकू नका, एवढं सांगतो.

२००१ मध्ये मॅरिलिन मॅन्सनने एका टीनएज विनोदी सिनेमासाठी ते मेटलमध्ये केलं. गिटार जड, आवाज खरखरीत, पण सांगायला नवीन काही नाही. पुढे जाऊ.

२००६, रिहाना. 'एसओएस' हा तिचा अमेरिकेतला पहिला नंबर वन. गीतकारांच्या यादीत एड कॉबचं नाव आहे. तो १९९९ मध्येच वारला होता. ग्लोरियाचं नाव त्या यादीत नाही.

आता होमवर्क. आधी सॉफ्ट सेल ऐका, मग कॉइल, आणि शेवटी ग्लोरिया. फक्त सर्च करताना वर्ष बघा, तिच्या दोन आवृत्त्या आहेत. आपल्याला १९६५ ची हवी. पहिल्या पाच सेकंदांत ब्रास धावत आला, की समजा बरोबर सापडली. पाय हलायला लागले तर घरच्यांना टाल्कम पावडरचं आधी सांगून ठेवा.