लष्कराच्या दारातला बाजार

रेडमंडहून ऑलिंपियाला किंवा पोर्टलंडला निघाले की टकोमा मागे पडल्यावर आय-फाइव्ह हमखास तुंबतो. मागच्या सीटवरून "अजून किती वेळ?" सुरू होते, आणि आपण नाइलाजाने इकडेतिकडे बघू लागतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच कुंपण, आत दाट झाडी आणि मधूनच एखादे लष्करी हेलिकॉप्टर. हा फोर्ट लुईस आणि मॅकॉर्ड विमानतळ. २०१० साली दोन्हींचा मिळून एकच संयुक्त तळ झाला. आपल्या घरापासून जेमतेम पन्नास मैलांवर. कुंपण संपते तिथे लेकवूडची दुकाने सुरू होतात. केस कापणारे, गणवेश शिवून देणारे, जुन्या गाड्या हप्त्यावर विकणारे, वस्तू गहाण ठेवून पैसे देणारे, आणि कोरियन खाणावळी. सैनिकाला जे जे लागते, आणि जे लागत नाही पण गळ्यात मारता येते, ते सगळे तिथे मिळते.

पुण्याच्या वाचकाला हे दृश्य परके वाटू नये. कॅम्पाला जुनी माणसे अजूनही 'लष्कर'च म्हणतात. शिंपी आळी, मोदीखाना, सदर बझार ही कॅम्पातली नावे नुसती वाचली तरी पलटणीच्या गरजांची यादी डोळ्यांपुढे उभी राहते. शिंपी गणवेशासाठी, मोदी धान्यासाठी आणि बाकी सगळ्यासाठी सदर बझार. साताऱ्याला सदर बझार आहे, सोलापूरला आहे. जिथे जिथे गोऱ्यांची छावणी पडली तिथे तिथे हे नाव मागे राहिले. ग्वाल्हेरच्या एका अख्ख्या भागाचे नाव 'लष्कर' आहे, कारण दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास तिथे पडली ती उठलीच नाही. तंबूंची घरे झाली आणि पालांची दुकाने.

सैन्य आणि बाजार यांचे नाते आपल्याकडे इंग्रजांच्या पुष्कळ आधीचे आहे. मराठी फौजांबरोबर बाजार चालत असे. शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली राहिलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत त्या फिरत्या बाजारांचे वर्णन केले आहे, आणि पगार थकल्यामुळे धरणे धरून बसलेल्या शिपायांचेही. पगार थकला की शिपायाला उधारी लागते, आणि उधारी वाढली की वाण्याचाही नाइलाज होतो. त्या चालत्या बाजारातला दुकानदार म्हणजे फौजेइतकाच जिवावर उदार झालेला माणूस. फौज हरली तर त्याचे दुकान आधी लुटले जाणार.

या विषयावरचा आपल्याकडचा सर्वांत मोलाचा कागद म्हणजे शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र. शाळेत आपण ते 'रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका' एवढ्या सारांशाने शिकतो. मूळ पत्र फार व्यवहारी आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळलीत तर पुढे घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कोणी दाणे आणील, कोणी लाकूड, कोणी भाजी. लोक गाव सोडून जातील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट ठराल, अशी ती कारणमीमांसा आहे. जे हवे ते बाजारात जाऊन पैसे देऊन घ्या, अशी आज्ञा आहे. रात्री दिवा उघडा ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत बारकावा आहे. शिपाई हा गिऱ्हाईक झाला पाहिजे, लुटारू नव्हे, हा विचार त्या काळी किती वेगळा होता हे युरोपातल्या त्याच शतकातल्या युद्धांचा इतिहास वाचला की कळते. तिथे उभ्या मुलखावरच फौजा पोसल्या जात होत्या.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि मुळा-मुठेच्या काठी इंग्रजांची छावणी कायमची आली. इथे परिस्थिती उलटी झाली. शिपायापासून बाजाराला वाचवण्यापेक्षा बाजारापासून शिपायाला वाचवण्याची काळजी इंग्रज अधिकाऱ्यांना जास्त होती. छावणीच्या बाजारावर अधिकारी नेमलेला, वजने-मापे तपासणारी माणसे, जिनसांचे दर म्हणजे 'निरख' ठरवून दिलेले. गोऱ्या शिपायाला परवान्याशिवाय दारू विकणे हा गुन्हा होता, आणि तो सतत घडत असे. छावण्यांच्या 'लाल बाजारा'बद्दल या कौटुंबिक अंकात एवढेच लिहितो की सरकारने १८६८ चा कायदा करून तिथल्या बायकांची सक्तीने तपासणी चालवली, शिपायांची मात्र नाही. आणि इंग्लंडात ओरड झाल्यावर १८८८ मध्ये तो कायदा रद्द करावा लागला.

कॅम्पातला व्यापार फुलवला तो मुख्यतः पारशी, बोहरी आणि पुढे इराणी मंडळींनी. पेठांमधला पुणेकर बराच काळ त्या बाजूला काम असल्याशिवाय फिरकत नसे. दोराबजींची खाणावळ १८७८ पासूनची आहे. कयानी बेकरी मात्र १९५५ ची, म्हणजे गोरे गेल्यानंतरची. श्रूजबेरी बिस्किटांवरून ती साहेबाच्या काळातली असावी असा पुष्कळांचा समज असतो. साहेब गेला तरी त्याची चव दुकानदारांनी ठेवून घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

नाशिकजवळच्या देवळालीची गोष्ट निराळी. तिथे मायदेशी जाणाऱ्या पलटणी बोटीची वाट बघत पडून असत. काम नाही, परेड नाही, साठलेला पगार खिशात आणि पुढची बोट कधी ते माहीत नाही. उन्हाने आणि कंटाळ्याने डोके फिरण्याला गोऱ्या शिपायांनी गावाचेच नाव दिले, 'देवलाली टॅप'. यातला टॅप म्हणजे आपला 'ताप'. त्याचा 'डूलॅली' होऊन तो शब्द इंग्रजी कोशात जाऊन बसला. वेळ भरपूर आणि पैसा खुळखुळता, असे गिऱ्हाईक कोणत्या दुकानदाराला नको असेल?

पण बाजार सगळ्याच शिपायांना सारखा वागवत नव्हता. हा या लेखातला सर्वांत कडू भाग आहे. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीतला. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला, 'कॅम्प दापोली'ला, आणि मग साताऱ्याला आले. साताऱ्यात न्हावी भरपूर होते, पण सुभेदाराच्या मुलाचे केस कापायला एकही तयार नव्हता. ते काम मोठी बहीण घरी करत असे. वडील गोरेगावला खजिनदार असताना त्यांना भेटायला निघालेल्या मुलांना स्टेशनवर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो शेजारून चालणार. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. नीटनेटके कपडे, खिशात पैसे, बाप सरकारी पेन्शनर, आणि तरीही वाटेत प्यायला पाणी नाही. पैसा सगळीकडे चालतो असे व्यापाराबद्दल म्हणतात. तिथे तो चालला नाही.

गंमत अशी की याच छावण्यांनी काही जणांना वाटही करून दिली. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर असलेले शिवराम जानबा कांबळे कॅम्पातल्या त्या नोकरीच्या आधारावर उभे राहिले, १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढला आणि महारांची लष्करभरती पुन्हा सुरू करावी म्हणून सरकारकडे अर्ज केले. ती भरती १८९० च्या दशकात बंद झाली होती. भरती बंद म्हणजे पगार, पेन्शन आणि छावणीतली शाळा, तिन्ही बंद. पहिल्या महायुद्धात एक पलटण उभारली गेली, ती मोडली, आणि महार रेजिमेंट अखेर १९४१ साली बेळगावात उभी राहिली.

आता पुन्हा आपल्या वॉशिंग्टन राज्यात येऊ. फोर्ट लुईस सरकारने आपणहून इथे आणला नाही. टकोमाच्या व्यापारी मंडळींनी त्यासाठी खटपट केली. जानेवारी १९१७ मध्ये, अमेरिका युद्धात उतरण्याच्या तीन महिने आधी, पियर्स काउंटीच्या मतदारांनी वीस लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, आणि सत्तर हजार एकर जमीन विकत घेऊन सैन्याला दान द्यायची असे ठरले. हिशेब सरळ होता: हजारो सैनिक म्हणजे हजारो पगार. या जमिनीत निस्क्वाली आदिवासींच्या राखीव क्षेत्रातले तीन हजारांहून अधिक एकर सक्तीने घेतले गेले, हे दानपत्राच्या कौतुकात सहसा सांगितले जात नाही.

तळ उभा राहिला आणि त्याच वर्षाअखेरीस एक मजेदार प्रसंग घडला. वॉशिंग्टन राज्यात १९१६ पासून दारूबंदी होती, पण सिअ‍ॅटलमध्ये दारू मिळत होती आणि बाकीचेही सगळे मिळत होते. महापौर हायरम गिल या बाबतीत फारसे सोवळे नव्हते. कॅम्प लुईसचे प्रमुख जनरल ग्रीन यांनी सरळ हुकूम काढला की सैनिकांना सिअ‍ॅटल शहर वर्ज्य! एखादे दुकान नव्हे, अख्खे शहर. शनिवार-रविवारचे गिऱ्हाईक गेल्याबरोबर जे काम नीतिमत्तेच्या व्याख्यानांनी झाले नव्हते ते होऊ लागले. शहर स्वच्छ करा म्हणून ओरड सुरू झाली. १९१८ च्या निवडणुकीत गिल हरले. तेवढ्यात तळाच्या दाराशीच सैनिकांसाठी नाटकगृहे, दुकाने आणि निवासाची सोय असलेली ग्रीन पार्क नावाची वसाहत उभी राहिली. साल्व्हेशन आर्मीने तिथे बांधलेल्या इमारतीत आज तळाचे संग्रहालय आहे. मुलांना दाखवण्यासारखे आहे.

'ऑफ लिमिट्स' हे हत्यार तेव्हापासून आजतागायत वापरले जाते. भारतात त्याच अर्थाच्या 'आउट ऑफ बाउंड्स' पाट्या आपण पाहिल्या आहेत. दुकानदारावर खटला भरावा लागत नाही, फक्त गिऱ्हाईक काढून घ्यायचे. मात्र ज्या ठिकाणी ते सर्वांत आधी वापरायला हवे होते तिथे फार उशिरा वापरले गेले. अध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ च्या हुकमाने सैन्यात वंशभेदाला मनाई केली. पण तळाच्या फाटकाबाहेर दक्षिणेतली हॉटेले आणि न्हाव्याची दुकाने काळ्या सैनिकाला आत घेत नव्हती, गणवेश अंगावर असला तरी. बरोबर पंधरा वर्षांनी, २६ जुलै १९६३ ला, संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी असा भेदभाव करणारी ठिकाणे वर्ज्य ठरवण्याची सोय केली. १९६७ मध्ये मेरीलंडमधल्या घरमालकांवर ती वापरली गेली. साताऱ्याच्या न्हाव्याला असे सांगणारा कोणी जनरल नव्हता.

सैनिकाला लुबाडण्याचा सर्वांत जुना मार्ग मात्र उधारीचा. सैनिक हा सावकाराचा आवडता ऋणको असतो, कारण पगार ठरलेला, ठरल्या तारखेला येणारा, आणि माणूस पळून जाऊ शकत नाही. म्हणूनच भारतात १८७१ च्या पेन्शन कायद्याने पेन्शनवर जप्ती आणता येत नाही, १९२५ च्या कायद्याने मोर्चावर असलेल्या सैनिकाविरुद्धचा दिवाणी दावा थांबवता येतो, आणि १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टप्रमाणे त्याचा पगार जप्त करता येत नाही. इथे २००५ साली दोन अभ्यासकांनी वीस राज्यांतले १०९ तळ तपासून दाखवले की 'पे-डे लोन'ची दुकाने तळांभोवती गर्दी करून बसलेली असतात. शंभर डॉलर दोन आठवड्यांसाठी, आकार पंधरा डॉलर, असा साधा दिसणारा व्यवहार वर्षाच्या हिशेबाने ३९० टक्के व्याजाचा होतो. आपल्या गावचा सावकारही लाजेल. २००६ च्या मिलिटरी लेंडिंग अ‍ॅक्टने सैनिक आणि त्याच्या कुटुंबासाठी ही मर्यादा ३६ टक्क्यांवर आणली. आपल्या राज्याने २०१० पासून सगळ्यांसाठीच वर्षाला आठ कर्जांची मर्यादा घातली. शिवाय भरती होण्याआधी घेतलेल्या कर्जावर सेवेच्या काळात ६ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. आपल्या मंडळातल्या ज्या घरांतली मुले आरओटीसीत किंवा सैन्यात आहेत त्यांनी हा शेवटचा नियम लक्षात ठेवावा, कारण सवलत आपोआप मिळत नाही. लेखी मागावी लागते.

बाजाराला शह द्यायचा दुसरा उपाय म्हणजे सैन्याने स्वतःच दुकान काढणे. अमेरिकेत १८९५ पासून 'पोस्ट एक्स्चेंज' आहे. भारतात ठेकेदारांकडे असलेली कँटीन दुसऱ्या महायुद्धात सरकारने ताब्यात घेतली आणि १९४८ मध्ये कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट झाले. त्याची मुख्य कचेरी मुंबईत महर्षी कर्वे मार्गावर. मिलिटरीतल्या काकांच्या कँटीन कार्डावर मिक्सर, प्रेशर कुकर आणि इतर काही बाटल्या न आणलेले मराठी घर विरळाच! छावणीबाहेरच्या दुकानदाराची त्यावरची तक्रार दीडशे वर्षांपूर्वीच्या शिपायाच्या तक्रारीच्या बरोबर उलट आहे: हे स्वस्तात विकतात, आम्ही कसे टिकायचे?

आपल्या रेडमंडमध्येही शीतयुद्धाच्या काळात नाइकी क्षेपणास्त्रांचा एक लहानसा तळ होता. सिअ‍ॅटलभोवती असे अनेक होते. ते बंद झाले आणि गावाला त्यांची आठवणही फारशी उरली नाही. इथला बाजार पुढे सॉफ्टवेअरच्या पगारावर उभा राहिला. लेकवूडच्या साउथ टकोमा वेवर मात्र लष्कराची खूण पाट्यांवर कोरियन लिपीत लिहिलेली आहे. कोरियात नेमणूक झालेल्या सैनिकांशी लग्ने करून आलेल्या बायका फोर्ट लुईसच्या आसपास स्थायिक झाल्या, त्यांच्यामागून भाऊ-बहिणी आल्या, आणि त्यांनी किराणा दुकाने, खाणावळी, बेकऱ्या काढल्या. आज त्यांची गिऱ्हाइके निम्मी कोरियन, आणि दुपारी बाराच्या सुमारास गणवेशातली पोरे. पोर्टलंडला जाताना पुढच्या वेळी आय-फाइव्ह तुंबला तर तिथे उतरून जेवून घ्या. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे, आमटीत मासळी असते.