कर्ताझ
कर्ताझ हा सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजसत्तेने अरबी समुद्रातील जहाजांवर लादलेला परवाना असून त्यात नाखव्याचे (जहाजप्रमुखाचे) नाव, जहाजाचा आकार, शस्त्रे व जाण्याचे बंदर नमूद असे. परवान्याचे शुल्क अल्प असले, तरी पोर्तुगीज ठाण्यात थांबून तेथे जकात भरण्याची अट हाच खरा जाच होता; परवाना नसलेले जहाज मालासह जप्त होई. इराणी आखातातून येणारे घोडे गोव्यातच उतरावेत, असाही आग्रह धरला जाई. व्यापार ठरावीक बंदरातूनच व्हावा, असा दंडक युरोपातही होता; पण स्कॉटिश राजांनी नेदरलँड्समधील व्हीर बंदर नेमले, ते स्वतःच्या व्यापाऱ्यांसाठी. अरबी समुद्रात मात्र परक्यांचा व्यापार बळाने वळवला गेला. असेच एक ठाणे म्हणून, रोह्यावरून वाहणाऱ्या कुंडलिका नदीच्या मुखाशी, चौल येथे पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने कोट उभारला. अठराव्या शतकात मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांनी याच किनाऱ्यावर मराठ्यांचे दस्तक (प्रवासपरवाना) बंधनकारक केले.