गुत्ती स्टेशनवरचा निळा प्रवासी

तर झालं असं की गेल्या वर्षी तीन महिने जर्मनीत ऑनसाइट होतो. क्लायंटच्या टीममधल्या एकाने शुक्रवारी घरी जेवायला बोलावलं. 'घरी पेट्स आहेत, चालेल ना?' असं त्याने आधीच विचारलं होतं. मला वाटलं मांजर असेल, फार तर कुत्रा. गेलो तर हॉलमधल्या फडताळावर पुस्तकांच्या जागी काचेच्या पेट्या, आणि प्रत्येक पेटीत एकेक कोळी! आपल्या माळ्यावर फिरतात तसले फुटकळ नाहीत, पंजाएवढे. टॅरेंट्युला.

चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून मी हळूच एक पाऊल मागे घेतलं, हे कबूल करायला हरकत नाही.

शेवटच्या पेटीत झाडाच्या सालीचा एक उभा तुकडा होता आणि त्यावर एक निळी मादी बसली होती. (मादी कोळ्याला कोळीण म्हटलं तर कोळीवाड्यात मार पडेल, म्हणून मादीच म्हणतो.) निळा म्हणजे कसा? पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोल सांडलं की त्यावर जो निळा चमकतो ना, तसा. त्यावर पांढरी नक्षी आणि पायांना पिवळे ठिपके. पेटीवर चिठ्ठी होती, लॅटिन नाव आणि खाली 'गूटी'. यजमान म्हणाला, 'ही तुझ्या देशातली. गूटी कुठे आलं?'

मला माहीत नव्हतं. खोलीवर परत येऊन नकाशा उघडला आणि कपाळावर हात मारला. अहो गूटी कसलं, गुत्ती! संताजी घोरपड्यांच्या घराण्यातले मुरारराव घोरपडे, त्यांची गुत्ती. १७७६ मध्ये हैदरअलीने किल्ला जिंकून त्यांना कैदेत टाकलं, ती गुत्ती. आणि पुण्याकडून रेणिगुंट्यामार्गे बालाजीला जाणारा मराठी माणूस गाडीत बहुधा झोपेत ओलांडतो, तीही हीच. मीही दोनदा ओलांडली होती.

पुढचे तीन वीकेंड या कोळ्याच्या मागे गेले. त्यातलं थोडं सांगतो.

आधी नावाचा घोळ. टॅरेंट्युला हा शब्द इटलीतल्या टारांटो या गावावरून आला, आणि तिथला मूळ टॅरेंट्युला हा आज आपण ज्यांना टॅरेंट्युला म्हणतो त्यांच्यापैकी नव्हेच! तो वेगळ्याच कुळातला, लांडगा-कोळ्यांपैकी. तो चावला की नाच नाच नाचल्याशिवाय विष उतरत नाही अशी समजूत होती. पुढे युरोपियन लोक अमेरिकेत गेले, तिथे थोराड केसाळ कोळी दिसले, आणि त्यांनी घरचंच नाव त्यांना चिकटवलं. जुन्या प्रोजेक्टमधलं व्हेरिएबलचं नाव नव्यात कॉपी-पेस्ट करतात ना, तसं. जर्मन लोक मात्र याला 'फोगेलश्पिने', म्हणजे पक्षी-कोळी म्हणतात. त्याचं मूळ मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीपाशी आहे. तिने सुरिनामला जाऊन तिथले कीटक रंगवले आणि १७०५ मध्ये पुस्तक काढलं. त्यातल्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर एक कोळी इवल्याशा पक्ष्याला खातोय. बाई काहीतरीच रंगवते, असं पुढे कित्येक विद्वानांनी ठरवून टाकलं. शेवटी हेन्री बेट्स नावाच्या इंग्रज निसर्गअभ्यासकाने ॲमेझॉनच्या प्रदेशात असा कोळी पक्ष्यांवर बसलेला स्वतः पाहिला आणि १८६३ च्या पुस्तकात लिहिलं, तेव्हा कुठे बाईंवरचा डाग पुसला गेला.

याच बेट्सच्या पुस्तकात मला या छंदाची सगळ्यात जुनी नोंद सापडली, निदान मी वाचलेल्यांत तरी. त्याच्यासाठी प्राणी गोळा करणाऱ्या एका आदिवासी कुटुंबातली मुलं असल्याच एका कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला घरभर फिरवत होती. कुत्र्यासारखं! खुद्द बेट्सला मात्र या कोळ्याचे केस बोटांत शिरून तीन दिवस आग सोसावी लागली होती. मुलांना काही झालं की नाही ते त्याने लिहिलेलं नाही.

शहरी लोकांच्या घरात हे प्राणी यायला पुढची शंभर वर्षं लागली. भीती हे मोठं कारण. ती कमी करायला अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठातल्या विल्यम बेर्ग या प्राध्यापकाचा मोठा हातभार लागला. या गृहस्थाने १९२२ मध्ये ब्लॅक विडो कोळी स्वतःला मुद्दाम चाववून घेतला आणि हॉस्पिटलात जाऊन पडला! टॅरेंट्युलांचे चावेही त्याने तपासले, वर्षानुवर्षं ते पाळले आणि १९५८ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. माणूस मरण्याइतकं विष त्यांच्यात नाही, हे लोकांना हळूहळू पटलं. पटलं आणि घात झाला. मेक्सिकोतला लाल गुडघ्यांचा टॅरेंट्युला दिसायला देखणा, स्वभावाने गरीब. १९७७ च्या 'किंगडम ऑफ द स्पायडर्स' या सिनेमासाठी सुमारे पाच हजार जिवंत टॅरेंट्युला आणले होते. दुकानांतून तो धडाधड विकला जाऊ लागला. पण हा प्राणी वयात यायलाच कित्येक वर्षं घेतो, मादी वीस-वीस वर्षं जगते. रानातून उचललेल्या एका मादीची जागा भरायला किती काळ लागेल, याचा हिशेब कोणी केला नव्हता. शेवटी १९८५ मध्ये साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत त्याला टाकावं लागलं.

आता आपली गुत्ती.

१८९९ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या रेजिनाल्ड पोकॉकने भारत आणि श्रीलंकेतल्या झाडांवर राहणाऱ्या टॅरेंट्युलांवर एक मोठा निबंध लिहिला. त्यात एका नव्या जातीचं वर्णन होतं. तिचं नाव त्याने पोसिलोथेरिया मेटॅलिका ठेवलं, म्हणजे धातूसारखी चमकणारी. हातात नमुना एकच होता आणि तो सापडला होता गुत्तीच्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत.

त्यानंतर शंभर वर्षं काहीच नाही. गुत्तीभोवती तसला कोळी कोणालाच दिसला नाही. दिसणार कसा, तो तिथला नव्हताच. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला तो गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. हा कोळी जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो. झाड तोडलं, ओंडका गाडीत चढला, आणि ढोलीतला भाडेकरू तिकीट न काढता गुत्तीला उतरला. अभ्यासकांचा तर्क असा आहे.

यात माझी एक पुरवणी (माझाच अंदाज, तेवढ्याच किमतीला घ्या). गुत्ती मद्रास रेल्वेच्या मार्गावर होती. मद्रासहून आलेली आणि मुंबईहून आलेली रेल्वे १८७१ मध्ये रायचूरला जोडली गेली. पण नंद्यालच्या जंगलात रेल्वे नंतर शिरली. गुंटकलहून नंद्याल, गिद्दलूर करत नल्लमला डोंगर ओलांडून ती १८९० च्या सुमारास बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पोचली. चालवणारी कंपनी कोणती? सदर्न मराठा रेल्वे! आणि गुंटकल ते गुत्ती हे अंतर तीसेक किलोमीटर. म्हणजे लोहमार्ग जंगलात घुसल्यावर दहा वर्षांच्या आत तिथला कोळी लंडनच्या टेबलावर होता. स्लीपरसाठी झाडं तोडली नसती तर पोकॉकला तो कळला नसता. जी कुऱ्हाड त्याचं घर पाडत होती, तिच्यामुळेच त्याला नाव मिळालं, आणि तेही चुकीच्या गावाचं.

२००१ नंतरची गोष्ट वेगाने घडली. काही वर्षांतच हा कोळी युरोप-अमेरिकेच्या बाजारात आला आणि सुरुवातीला एकेकाला पाचशे डॉलरच्या वर मोजले गेले. आणि जंगलात? २००८ मध्ये आययूसीएनने त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं. कारण त्याचा सगळा मुलूख शंभर चौरस किलोमीटरहून कमी, आणि त्यातही सरपण-इमारतीसाठी लाकूडतोड. शंभर चौरस किलोमीटर म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीपेक्षा बरंच कमी.

हे सगळं वाचून मी तावातावाने त्या जर्मन मित्राकडे गेलो. म्हटलं, हा माल चोरीचा आहे. भारतातून जंगली प्राण्यांची व्यापारी निर्यात रीतसर होतच नाही, मग तुझ्या या बाईसाहेबांची पणजी आली कशी? त्याने वाद घातला नाही. पणजी चोरूनच आली असणार, म्हणाला. पण ही इथे जन्मली, हिची आईही इथेच जन्मली. एका अंडकोशातून शंभराच्या आगेमागे पिल्लं निघतात. जवळच हाम शहरात सरपटणाऱ्या प्राण्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे ती लहान लहान डब्यांत घालून विकतात. पेटीत वाढलेली इतकी मिळत असताना आता रानातली कोण आणेल?

मग त्याने उलट विचारलं. 'तुमच्याकडे यांना कायद्याचं संरक्षण कधीपासून आहे?' इथे मी गप्प. आपला वन्यजीव कायदा १९७२ चा, त्याच्या यादीत फुलपाखरं होती, भुंगेरे होते, कोळी नव्हते. पोसिलोथेरियाची अख्खी प्रजाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली ती २०१९ मध्ये, आणि तो प्रस्ताव श्रीलंका आणि अमेरिकेचा होता. साइट्सच्या यादीतल्या प्राण्यांची आपल्या कायद्यात सोय झाली ती २०२२ च्या दुरुस्तीने. शिवाय दुसरं परिशिष्ट म्हणजे बंदी नव्हे, परवाना लागतो इतकंच. आणि लाकूडतोडीला तर साइट्स काहीच करू शकत नाही.

माझं मत विचाराल तर तो जर्मन निम्मा बरोबर आहे. मादी दहा-बारा वर्षं जगते, नर तीन-चार, कात कधी टाकतात, पिल्लं कशी वाढतात, यातलं बरंचसं ज्ञान या छांदिष्टांच्या पेट्यांमधूनच आलंय. पण पेटीतले हजार कोळी म्हणजे जंगलाचा बॅकअप नव्हे. बॅकअप रिस्टोअर करायला सर्व्हर जागेवर लागतो की नाही? ढोली असलेली जुनी झाडंच गेली तर या पिल्लांना सोडणार कुठे? आणि तशीही कुठल्या आजोबा-पणजोबांचं रक्त कुणात मिसळलंय हे माहीत नसलेली पिल्लं रानात सोडायला कोणी शहाणा माणूस धजणार नाही.

हो, आणि कोणाला पाळायचा मोह होत असेल तर थांबा. मेक्सिकोवाला गरीब असतो, हा नव्हे. हा विजेसारखा पळतो आणि चावला तर माणूस मरत नाही, पण स्नायूंत असे गोळे येतात की ते कित्येक दिवस जात नाहीत. आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला होता. ती म्हणाली, 'अरे, आम्ही दिवाळीला झाडू घेऊन जाळी काढायची आणि हे लोक पैसे देऊन घरात आणतात?' मग जरा थांबून म्हणाली, 'रंग मात्र पैठणीसारखा आहे हो.'

परत आल्यावर आई-बाबांना घेऊन बालाजीला गेलो, मुद्दाम रेल्वेने. या वेळी गुत्तीला जागा राहिलो. गाडी थांबली तेव्हा दारात जाऊन उभा राहिलो. लांब टेकडी दिसत होती, मुराररावांच्या किल्ल्याचीच असावी. खाली रूळ, खडी आणि सिमेंटचे स्लीपर. लाकूड कुठेच नाही.

बाबा मागे येऊन उभे राहिले. 'काय शोधतोयस रे?'

'लाकडाची वखार.'

'आता कुठली वखार इथे?' ते म्हणाले, आणि खिशातून सुटे काढून चहावाल्याला हाक मारली.